वीस कंपन्यांना पत्रं, एकीचंही उत्तर नाही: शाळेसाठी सीएसआर निधी मागताना

प्रश्न थोडक्यात असा. इंदुरातल्या एका जुन्या मराठी संस्थेच्या सचिव ताई विचारतात: संस्थेची पहिली ते दहावीची शाळा आहे, पट साडेतीनशेच्या आसपास, शेजारी वाचनालय. छत गळतं, संगणक कक्ष नावापुरता उरलाय, दोन शिक्षकांचा पगार संस्था कसाबसा भागवते. सगळं धरून चाळीस लाख लागतील. पिथमपूर, देवास आणि सांवेर रोडवरच्या वीस कंपन्यांना पत्रं पाठवली, एकीचंही उत्तर नाही. आता एक गृहस्थ म्हणतात, पंधरा टक्के द्या, सीएसआरचं (कंपन्यांनी नफ्यातून समाजकामावर करायच्या खर्चाचं) काम करून देतो. द्यावेत का?

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: एक पैसाही देऊ नका. का, ते पुढे येईल. आधी त्या वीस पत्रांचं काय झालं असेल ते सांगतो, कारण अशी पत्रं मी बरीच वर्षं एका कारखान्याच्या सीएसआर विभागात बसून वाचली आहेत आणि आता संस्थांच्या बाजूने लिहून देतो.

लग्नाच्या पत्रिकेसारखं एकच पत्र, फक्त वरचं नाव बदलून, सगळीकडे गेलं असणार. पहिल्या परिच्छेदात संस्थेची स्थापना, दुसऱ्यात संस्थापकांचा त्याग, तिसऱ्यात गेल्या वर्षीचं स्नेहसंमेलन, आणि शेवटी 'सढळ हस्ते मदत करावी'. वाचणाऱ्याला संस्थेबद्दल आदर वाटतो आणि तो पत्र फाइलला लावतो. त्याच्या हातात देणगी द्यायचा अधिकार नसतो. त्याला वर्षाअखेरीस संचालक मंडळासमोर एक तक्ता ठेवायचा असतो: कामाचं नाव, अनुसूची सातमधला (कायद्यातल्या मान्य कामांच्या यादीतला) कुठला विषय, जिल्हा, रक्कम, कोणामार्फत केलं. तुमच्या पत्रातून त्या तक्त्यातला एकही रकाना त्याला भरता येत नाही.

हा पैसा नेमका कुठून येतो ते एकदा नीट बघू. कंपनी कायदा २०१३ चं कलम १३५, लागू झालं १ एप्रिल २०१४ पासून. आधीच्या आर्थिक वर्षात ज्या कंपनीची नेट वर्थ (मालमत्ता वजा देणी) ५०० कोटी, किंवा उलाढाल १००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातली एक जरी अट पूर्ण झाली तर तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम अनुसूची सातमधल्या कामांवर खर्च करावी लागते. आपल्याकडे लोक यातलं 'दोन टक्के' तेवढं ऐकतात. जरा गुणाकार करा. सांवेर रोडवरच्या एखाद्या कारखान्याचा सरासरी नफा ८ कोटी असेल, तर त्याचा वर्षाचा सगळा सीएसआर १६ लाख. त्यातले काही एखाद्या दवाखान्याला, काही मालकांच्या गावच्या शाळेला आधीच लागलेले असतात. त्याला चाळीस लाखांचं पत्र गेलं, तर तो उत्तर तरी काय देणार?

उलट अशाच मध्यम कारखान्यांकडे निर्णय लवकर होतो. ज्या कंपनीची वर्षाची सीएसआर रक्कम ५० लाखांपर्यंत आहे, तिला वेगळी सीएसआर समिती नेमावी लागत नाही, संचालक मंडळच ठरवतं. प्रत्यक्षात मंडळ म्हणजे मालक, त्यांचा मुलगा आणि शेजारी बसलेले सीए. तिथे पत्रापेक्षा ओळखीतून मिळालेली पंधरा मिनिटं आणि दोन पानांचा कागद उपयोगी पडतो. मागणी सहा-सात लाखांची ठेवा.

मोठ्या कंपन्यांचं गणित वेगळं. पिथमपुरात फोर्स मोटर्स, ल्युपिन, सिप्ला यांचे कारखाने आहेत, देवासला किर्लोस्कर ब्रदर्स आहे, पण यांची मुख्य कार्यालयं पुण्या-मुंबईत. कारखान्यातला एचआरचा माणूस शिफारस करू शकतो, मंजुरी वरून येते. (पुण्याला फोन लावून मराठीत बोललं की काम सोपं होतं, हा आपल्या इंदूरकरांचा लाडका समज आहे. गप्पा छान होतात, एवढंच.) सुपर कॉरिडॉरवर टीसीएस आणि इन्फोसिस आहेत. तिथून पैशापेक्षा शनिवारी येऊन मुलांना शिकवणारे कर्मचारी मिळण्याची शक्यता जास्त, आणि ते मिळाले तर घ्या. वर्षभर येणारी चार तरुण माणसं ही पुढच्या प्रस्तावातली सगळ्यात भक्कम ओळ असते.

आता भूगोल, कारण बहुतेक पत्रं इथेच अडकतात. कायद्यात म्हटलंय की कंपनीने ती जिथे काम करते त्या आणि आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावं. हे बंधन ताठर नाही, मंत्रालयाने तसा खुलासाही केला आहे, पण कारखान्याचा प्रमुख ते फार मनावर घेतो, कारण गेटबाहेर उद्या रस्ता अडवून बसणारे लोक त्याच भागातले असतात. आपण सवयीने 'इंदूरच्या कंपन्या' म्हणतो. पण पिथमपूर आहे धार जिल्ह्यात आणि देवास हा स्वतंत्र जिल्हा. पिथमपूरच्या कारखान्याला इंदूर शहरातली शाळा म्हणजे दुसऱ्या जिल्ह्यातलं काम. त्याच्या तक्त्यात सागोर किंवा बगदूनची सरकारी शाळा तुमच्या शाळेपेक्षा कधीही चांगली दिसते. केंद्र सरकारच्या कंपन्यांवर आणखी एक ओढ असते: आकांक्षी, म्हणजे विकासात मागे पडलेले म्हणून केंद्राने निवडलेल्या जिल्ह्यांत खर्च करण्याची. आपल्या बाजूला त्या यादीत बडवानी आणि खंडवा आहेत, इंदूर नाही. देवासच्या बँक नोट प्रेससारख्या सरकारी कंपनीच्या युनिटकडे अर्ज जरूर करा, पण हे माहीत असू द्या.

म्हणून नवी यादी करताना 'मोठं नाव' हा निकष सोडा. केंद्राच्या राष्ट्रीय सीएसआर पोर्टलवर कोणती कंपनी कुठल्या राज्यात, कुठल्या जिल्ह्यात, कशावर खर्च करते ते दिसतं. त्यात इंदूर जिल्हा आणि शिक्षण असा शोध घ्या. मग त्या कंपनीचा वार्षिक अहवाल काढून सीएसआरचं परिशिष्ट वाचा: कामाचं नाव, ठिकाण, रक्कम, संस्थेचं नाव, यातलं बरंच काही अनेक कंपन्या छापतात. मागच्या तीन वर्षांत कंपनीने शहरी शाळांना काही दिलं आहे का, सरासरी रक्कम किती, हे त्यात कळतं. वीसऐवजी पाच नावं उरतील. ती पाच पुरेत.

आता तुमचे चाळीस लाख. माझ्या मते तुमची खरी अडचण हीच आहे की तुम्ही तीन वेगळ्या खिशांतले पैसे एका पत्रात मागितलेत.

छप्पर घ्या. सीएसआरमधून बांधकाम होऊच शकत नाही असं नाही. नियम सांगतो की अशा पैशातून उभी राहिलेली मालमत्ता कलम ८ ची (ना-नफा) कंपनी, सार्वजनिक ट्रस्ट, नोंदणीकृत सोसायटी, लाभार्थ्यांचे बचत गट किंवा सरकारी प्राधिकरण यांच्या नावावर असावी, आणि संस्था असेल तर तिच्याकडे सीएसआर नोंदणी क्रमांक हवा. पण कंपनी पहिला प्रश्न विचारते जागेचा. आपल्या बऱ्याच जुन्या संस्था नजूलच्या, म्हणजे सरकारी जागेवर आहेत, पट्टा (भाडेकरार) आजोबांच्या काळातला, नूतनीकरण अर्धवट. पट्ट्याची मुदत संपलेली असेल तर कुठलाही शहाणा अधिकारी त्या इमारतीवर दहा लाख घालणार नाही. शिवाय खासगी संस्थेच्या फी घेणाऱ्या शाळेचं छप्पर हा विषय मंडळापुढे मांडायला अवघड. कायद्याने मनाई नसली तरी 'यात गरजू कोण?' या प्रश्नाला उत्तर द्यावं लागतं.

छपरासाठी माजी विद्यार्थ्यांकडे जा. ज्या वर्गात पावसाळ्यात बादली ठेवावी लागायची त्या वर्गात बसलेला माणूस पट्ट्याचा कागद मागत नाही. संस्थेकडे ८०जी (देणगीदाराला करसवलत देणारी आयकर नोंदणी) असेल तर त्यांतल्या जुनी करप्रणाली निवडलेल्यांना सवलत मिळते. मात्र २००० रुपयांवर रोख घेतलंत तर ती मिळत नाही, म्हणून बँकेतूनच घ्या, आणि वर्ष संपल्यावर ३१ मेच्या आत देणग्यांचं विवरण (जुन्या क्रमांकाने १०बीडी) भरून त्यांना देणगीचं प्रमाणपत्र (जुन्या क्रमांकाने १०बीई) पाठवा. हे वेळेत केलं नाही तर पुढच्या वर्षी तोच माणूस फोन उचलत नाही.

यात एक खड्डा आहे, आणि आपल्या संस्था त्यात हमखास पडतात. अमेरिकेतले माजी विद्यार्थी. जो अजून भारतीय पासपोर्टवर आहे, त्याने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेला पैसा विदेशी अंशदान (परदेशी देणगी) ठरत नाही. पण ज्याने तिकडचं नागरिकत्व घेतलं, मग हातात ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचं) कार्ड असो आणि घरी गणपती बसत असो, त्याचा पैसा एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणी किंवा पूर्वपरवानगीशिवाय घेता येत नाही. ती नोंदणी म्हणजे तीन वर्षांचं काम, तीन वर्षांत किमान १५ लाखांचा खर्च आणि दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत खातं. तुमची नोंदणी नसेल तर अशा माणसाला नम्रपणे नाही म्हणा. त्याचे इथले भाऊ स्वतःच्या पैशातून देणार असतील तर तो वेगळा विषय. पण त्याचे पैसे भावाच्या खात्यातून फिरवून घेणं हा त्यावरचा उपाय नाही.

शिक्षकांचा पगार. इथे दोन टोकांचे गैरसमज ऐकतो. एक म्हणजे सीएसआरमधून पगार देता येत नाही. येतो: शिक्षणाच्या प्रकल्पात काम करणाऱ्या शिक्षकाचं वेतन हा प्रकल्पाचा खर्च धरला जातो. ज्या ५ टक्क्यांच्या मर्यादेचा बाऊ केला जातो, ती कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कारभाराच्या खर्चावर आहे. दुसरा गैरसमज हा की एकदा सुरू झालं की चालू राहील. कंपनी पैसा प्रकल्पाला देते, आणि 'चालू प्रकल्पा'ची (एकाहून जास्त वर्षं चालणाऱ्या कामाची) कमाल मुदत म्हणजे सुरुवातीचं वर्ष सोडून तीन वर्षं. गणिताच्या कायम शिक्षकाचा पगार तिच्यावर टाकलात तर चौथ्या वर्षी काय? म्हणून जुन्या दोन शिक्षकांचा पगार या मागणीतून काढून टाका. त्याऐवजी मागे पडलेल्या मुलांच्या संध्याकाळच्या वर्गासाठी दोन शिक्षिका, दोन वर्षांसाठी, असं मागता येईल. आणि पगारासाठी कायम ठेव उभारून द्या, असं कंपनीला मुळीच लिहू नका. जानेवारी २०२१ पासून संस्थेच्या कॉर्पसला (कायम निधीला) दिलेली रक्कम सीएसआर खर्चात धरली जात नाही. अजूनही दर आठवड्याला मला असा एखादा मसुदा दिसतो, आणि त्यावरून कंपनीला कळतं की संस्थेने नियम वाचलेले नाहीत.

उरला संगणक कक्ष. हाच तुमचा सीएसआरचा विषय. पण 'संगणक कक्ष द्या' असं म्हणायचं नाही, कारण इंदुरातली प्रत्येक संस्था हेच मागते, आणि प्रत्येक सीएसआर अधिकाऱ्याने कुलूप लावलेला, प्लास्टिकच्या कव्हरखालचा संगणक कक्ष पाहिलेला असतो.

सुरुवात मुलांपासून करा. साडेतीनशेपैकी किती मुलं शिक्षण हक्क कायद्याने गरजू मुलांसाठी राखलेल्या २५ टक्के जागांवर आली आहेत? तुमच्या शाळेला ती तरतूद लागू असेल तर हा आकडा सोन्यासारखा आहे, कारण त्या मुलांची पात्रता सरकारी पोर्टलवर आधीच तपासलेली असते, कंपनीला पुन्हा पुरावा मागावा लागत नाही. मी पाहिलेल्या बऱ्याच मराठी संस्थांच्या शाळांत आज मराठी घरातली मुलं कमी आणि आजूबाजूच्या वस्त्यांतली, मजुरांची, घरकाम करणाऱ्या बायांची मुलं जास्त आहेत. संस्थेच्या कार्यकारिणीत याबद्दल थोडी कुरकुर असते, मला माहीत आहे. पण प्रस्तावाच्या दृष्टीने हीच तुमची ताकद आहे. 'मराठी भाषक समाजाची शाळा' या ओळीने दार बंद होतं. 'अमुक तीन वस्त्यांतली एवढी मुलं, त्यांतल्या निम्म्यांच्या घरी शिकलेलं कोणी नाही' या ओळीने ते उघडतं. अर्थात खरं असेल तरच लिहा. ते लोक येऊन बघतात.

मग आजची स्थिती मोजा. सहावी ते आठवीच्या मुलांना दुसरीच्या पातळीचा हिंदीतला किंवा मराठीतला उतारा वाचता येतो का, साधा भागाकार येतो का, याची तपासणी शिक्षकांनी एका आठवड्यात करावी. 'प्रथम' या संस्थेच्या 'असर' या शैक्षणिक पाहणीतली साधनं खुली आहेत, नवं काही शोधायला नको. निकाल वाईट आला तरी लपवू नका. उत्तम निकालाची शाळा पैसे कशाला मागेल? सुरुवातीचा हा आकडा हातात असला की वर्षाअखेरीस कंपनीला दाखवायला काहीतरी असतं. नाहीतर तुमच्याकडे फक्त फीत कापल्याचे फोटो उरतात.

अंदाजपत्रकात लोक संगणकांची किंमत लिहितात आणि थांबतात. वीज जोडणीचा भार वाढवावा लागेल का, यूपीएस, इंटरनेटचं तीन वर्षांचं शुल्क, टेबलं, खिडक्यांना जाळी, देखभालीचा करार, विमा, शिकवणाऱ्याचं मानधन, हे सगळं आत घ्या. प्रत्येक वस्तूची तीन कोटेशनं लावा, जीएसटी धरून. संस्थेचा वाटा वेगळा दाखवा: खोली, रंगकाम, चौकीदार. आणि एक ओळ अशी लिहा जी फार थोड्या संस्था लिहितात: तीन वर्षांनंतर वीज आणि इंटरनेटचं बिल कोण भरणार. 'संस्था आपल्या निधीतून भरेल' एवढं पुरत नाही. कुठल्या उत्पन्नातून, ते सांगा. सुट्टीत मोठ्यांसाठी वर्ग घेऊन की सभागृहाच्या भाड्यातून? कंपनीच्या माणसाचं लक्ष या ओळीवर थांबतं, हे मी स्वतःच्या सवयीवरून सांगतो.

एखादी कंपनी म्हणेल, पैसे नाहीत, आमचे जुने पंधरा संगणक न्या. आधी शाळेतल्या कोणा जाणत्याला पाठवून बघून या. त्यांची भंगाराची अडचण तुमच्या अंगणात येऊ शकते.

वाचनालयाला तुम्ही पत्रात एकच ओळ दिली आहे, आणि ते मला पटलं नाही. अनुसूची सातमध्ये सार्वजनिक ग्रंथालयांची उभारणी हा विषय स्पष्ट शब्दांत आहे, वारसा आणि कलांच्या कलमात. अट एवढीच की ते खरोखर सार्वजनिक असावं. फक्त सभासदांसाठी, संध्याकाळी दोन तास उघडं आणि कपाटांना कुलूप, असं असेल तर नाही जमणार. स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी मुलं इंदुरात कमी नाहीत. सकाळी सात ते रात्री नऊ सर्वांना खुली अभ्यासिका केलीत तर तो स्वतंत्र, छोटा, सहज मंजूर होणारा प्रस्ताव आहे, आणि पुस्तकांवरची धूळही आपोआप जाईल.

गणेशोत्सव, स्नेहसंमेलन, नाट्यमहोत्सव यांचा खर्च मात्र या पैशातून मागू नका. एकदाच होणारे कार्यक्रम, पुरस्कार, प्रायोजकत्व यांना सीएसआर धरत नाहीत. स्मरणिकेतली जाहिरात कंपनीच्या जाहिरात खर्चातून येते, तिथला माणूस वेगळा, टेबल वेगळं. दोन्ही मागण्या एका भेटीत केल्या की दोन्ही बुडतात.

आता कागद. हा भाग कंटाळवाणा आहे पण सहा महिने इथेच जातात, म्हणून आजच सुरू करा. १ एप्रिल २०२१ पासून ज्या संस्थेला कंपनीकडून सीएसआरचं काम घ्यायचं आहे तिला सीएसआर-१ हा फॉर्म भरून नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. तो फॉर्म डिजिटल सहीने भरायचा, आणि सीए, कंपनी सेक्रेटरी किंवा कॉस्ट अकाउंटंटने तो प्रमाणित करायचा. त्यासाठी आयकराची १२ए (संस्थेच्या उत्पन्नाला करमाफी देणारी) आणि ८०जी नोंदणी हवी. जुन्या संस्थांची इथे फसगत होते. त्यांच्याकडे १९८० च्या सुमाराचं १२एचं पत्र फ्रेम करून लावलेलं असतं आणि त्यांना वाटतं ते कायमचं आहे. २०२१ पासून सगळ्यांनाच नव्याने नोंदणी करावी लागली आणि ती मुदतीची झाली. तुमची मुदत कधी संपते ते सीएंना विचारा. शिवाय १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आल्याने कलमांचे जुने क्रमांक बदलले आहेत. कंपनीच्या फॉर्मवर कुठला क्रमांक लिहायचा तेही त्यांनाच विचारा. याशिवाय नीती आयोगाच्या दर्पण या स्वयंसेवी संस्थांच्या पोर्टलचा क्रमांक आणि शाळेचा अकरा आकडी यूडायस (सरकारी शाळा-नोंदीचा) क्रमांक तयार ठेवा.

सोसायटी असाल तर भोपाळपासून इंदूरपर्यंत सगळ्यांच्या तोंडी असलेली 'धारा २७-२८' आठवा: मध्य प्रदेशच्या १९७३ च्या सोसायटी कायद्याप्रमाणे कार्यकारिणीची यादी आणि तपासलेले हिशेब दरवर्षी फर्म्स अँड सोसायटीजच्या कार्यालयात द्यायचे. अनेक संस्थांनी ते वर्षानुवर्षं दिलेले नसतात. निवडणुकीवरून वाद असेल, दोन गट असतील, तर तो आधी मिटवा. कंपनी भांडणाऱ्या कार्यकारिणीला पैसे देत नाही, आणि ही बातमी तिच्यापर्यंत पोचतेच. इंदूर तेवढं लहान आहे.

आणखी एक क्षुल्लक वाटणारी गोष्ट. पॅन, बँक खातं आणि नोंदणी प्रमाणपत्र या तिन्हींवर संस्थेचं नाव अक्षरशः एकच आहे का ते पाहा. एकावर नावाआधी 'श्री' आहे, दुसऱ्यावर नाही. एकावर 'मंडळ', दुसऱ्यावर 'मंडल'. सीएसआर-१ एवढ्यावरून अडतो आणि पॅनची दुरुस्ती होईपर्यंत आर्थिक वर्ष संपतं.

कंपन्या एवढे कागद का मागतात, तेही सांगतो. जानेवारी २०२१ पर्यंत रक्कम खर्च झाली नाही तर अहवालात कारण दिलं की भागत होतं. त्यानंतर दंड आला. शिवाय आता संस्थेला चेक दिला म्हणजे खर्च झाला असं मानत नाहीत. पैसे ठरलेल्या कामावर ठरलेल्या पद्धतीने वापरले गेले, असं मुख्य वित्त अधिकाऱ्याला प्रमाणित करावं लागतं. त्यामुळे तुमच्याकडून यूसी, म्हणजे सीएच्या सहीचं उपयोगिता प्रमाणपत्र, मार्चअखेरीआधी हवं असतं.

वेळापत्रकही यावरूनच ठरतं. कंपनीचा वार्षिक आराखडा साधारण वर्षाच्या सुरुवातीला ठरतो, म्हणून मोठ्या प्रस्तावाची पहिली भेट आदल्या हिवाळ्यात, दिवाळीनंतर आणि संक्रांतीच्या आसपास व्हायला हवी. फेब्रुवारीत मात्र अचानक फोन येतात: 'चार लाख उरलेत, लगेच घेता का?' मोह होतो. घ्या, पण ३१ मार्चच्या आत खरंच खर्च होतील तेवढेच. मध्ये होळी, मग रंगपंचमीची गेर (रंगांची मिरवणूक), त्या दिवसांत राजवाड्याच्या आसपास ना सुतार मिळतो ना इलेक्ट्रिशियन. काम लांबणार असेल तर ते सुरुवातीपासूनच चालू प्रकल्प म्हणून मंजूर करायला सांगा. मग उरलेली रक्कम कंपनी वेगळ्या खात्यात ठेवून पुढे वापरू शकते. ही एक ओळ मंजुरीच्या पत्रात नसली तर एप्रिलमध्ये पैसे परत मागणारं पत्र येतं.

पैसे आल्यावर ते वेगळ्या खात्यात ठेवा. शाळेच्या खात्यात टाकून 'या महिन्याचा पगार भागवू, फी आली की परत टाकू' हा विचार प्रत्येक खजिनदाराच्या मनात येतो. येऊ द्या, पण चेकवर दुसरी सही करणाऱ्याने तो तिथेच थांबवावा. खरेदी झालेल्या वस्तूंची नोंदवही ठेवा, मुलांचे फोटो कंपनीला देण्याआधी पालकांची लेखी संमती घ्या, आणि करारनाम्यात रक्कम परत करण्याची, तपासणीची कलमं असतात ती सही करण्याआधी वाचा.

आता ते पंधरा टक्केवाले. प्रस्ताव लिहून देणाऱ्याला ठरलेलं मानधन, बिल घेऊन, संस्थेच्या स्वतःच्या पैशातून देणं यात गैर काही नाही. पण मंजूर रकमेतून टक्का देणं म्हणजे मुलांसाठी आलेल्या पैशातून दलाली, आणि ती उपयोगिता प्रमाणपत्रात कुठल्या नावाने दाखवणार? खोटं बिलच लावावं लागेल. त्याच्या पुढची पायरीही या बाजारात आहे: कोणीतरी सांगेल, कंपनी वीस लाखांचा चेक देईल, तुम्ही पंधरा रोख परत करा, पाच तुमचे. हा सरळ गुन्हा आहे, सह्या तुमच्या असतात आणि नोंदणी गेली की संस्थेचं ८०जीही जातं. एका जुन्या, नावाजलेल्या संस्थेचे पदाधिकारी अशा प्रकरणात वर्षानुवर्षं आयकर कार्यालयाच्या पायऱ्या चढताना मी पाहिले आहेत. त्या गृहस्थांना एकच विचारा: कंपनीच्या अधिकाऱ्याशी माझी थेट भेट घालून देता का? बहुधा पुन्हा फोन येणार नाही.

येत्या कार्यकारिणीच्या बैठकीत एवढं करून घ्या: छपरासाठी माजी विद्यार्थ्यांचा निधी वेगळा, संगणक आणि संध्याकाळच्या वर्गाचा प्रस्ताव वेगळा, अभ्यासिकेचा वेगळा, असे तीन ठराव. दुसऱ्या आणि तिसऱ्या ठरावात सीएसआर-१ भरण्याचा, करारनाम्यावर सही करण्याचा अधिकार कोणाला, आणि प्रकल्पाचं खातं कुठल्या बँकेत, कोणा दोघांच्या सहीने चालेल, हे नावानिशी लिहा. ठरावाची प्रमाणित प्रत प्रस्तावाला जोडायची असते. ती नसेल तर कंपनी फाइल परत पाठवते आणि पुढची बैठक तीन महिन्यांनी असते.